ऑइल चेंजच्या वेळी ऑइल किती गरम असावं, आणि ते कशावर ठरतं?

पांझराकाठ (धुळे)

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण गॅरेज बदललं की उत्तर बदलतं. "इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा आणि मग ऑइल काढा" असं सगळेच सांगतात. तीच दहा मिनिटं कधी ऑइल इतकं कडक करतात की ड्रेन बोल्टला (ऑइल काढायच्या बोल्टला) हात लावता येत नाही, तर कधी ते कोमटसुद्धा होत नाही. मीटरवरचा काटा मात्र दोन्ही वेळा मधोमध.

वाहनं तीन प्रकारची धरा: ४५ एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर (१५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल, साधारण ७ लिटर), टर्बो डिझेल पिकअप, आणि १०० सीसीची बाईक. ऑइलचं तापमान नेमकं कशाने वरखाली होतं? बोल्ट उघडताना ते किती असावं? आपल्याकडच्या मे महिन्यात आणि डिसेंबरच्या पहाटे एकच पद्धत चालते का?

भट्टी_भुसावळ

मे महिन्यात भुसावळला ऑइल गरम करायची गरजच काय भो, डबा उन्हात ठेवला तरी ऑइल तयार :)

चेंबरबोल्ट (जळगाव)

भुसावळकरांची थट्टा अर्धी खरी आहे, त्यावर शेवटी येतो.

आधी तो काटा. मीटरवरचा काटा कूलंटचं, म्हणजे पाण्याचं तापमान दाखवतो. ऑइलचा त्याच्याशी संबंध आहे, पण उशिराचा. पाणी सिलिंडरच्या भिंतीला आणि हेडला लागून फिरतं आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारा व्हॉल) उघडेपर्यंत रेडिएटरकडे जातच नाही, म्हणून ते लवकर तापतं. ऑइल खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) पडून असतं, चेंबरचा पत्रा हवेत उघडा असतो, आणि त्याला उष्णता मिळते ती पिस्टनच्या खालून, बेअरिंगांच्या घर्षणातून आणि ब्लॉकमधून. पाणी ८० ला पोचलं तेव्हा ऑइल ४५-५० लाच असणं अगदी नेहमीचं आहे. ऑइलला पुढे जवळजवळ तेवढाच वेळ आणखी लागतो.

दुसरं म्हणजे आयडलिंग. डिझेल इंजिन रिकामं चालताना फार थोडं डिझेल जाळतं आणि हवा मात्र पूर्ण ओढतं, त्यामुळे उष्णता कमीच तयार होते. थंडीत ट्रॅक्टर आयडलला पंधरा मिनिटं सोडला तरी चेंबर खालून हात लावण्याजोगा राहतो. तोच ट्रॅक्टर दहा मिनिटं रोटाव्हेटरला लावा किंवा भरलेली ट्रॉली ओढू द्या, ऑइल कुठच्या कुठे जातं. म्हणून "दहा मिनिटं चालू ठेवा" ही सूचनाच अर्धवट आहे. किती मिनिटं, यापेक्षा कोणत्या लोडवर आणि किती आरपीएमवर, हे जास्त महत्त्वाचं.

बाकीच्या गोष्टी महत्त्वाच्या क्रमाने अशा: बाहेरची हवा, इंजिन बंद केल्यावर गेलेला वेळ, चेंबरमध्ये ऑइल किती आहे (पातळी खाली असेल तर तेवढंच थोडं ऑइल जास्त फेऱ्या मारतं आणि जास्त तापतं), ऑइल कूलर आहे की नाही आणि असला तर हवेचा की पाण्याचा, चेंबर पत्र्याचा की रिब असलेल्या ॲल्युमिनियमचा, खाली प्लास्टिकचं कव्हर किंवा गार्ड आहे का, आणि रेडिएटरची जाळी भुशाने भरली आहे का. शेवटची गोष्ट गहू-हरभऱ्याच्या मळणीत फार होते. पीटीओवर (मागून मळणीयंत्र फिरवणाऱ्या शाफ्टवर) पूर्ण लोड, ट्रॅक्टर जागेवर उभा, समोरून वारा नाही, जाळीत भुसा. अशा वेळी पाणी आणि ऑइल दोन्ही नेहमीपेक्षा बरंच वर जातं. त्याच रात्री लगेच बोल्ट उघडणारा भाजून घेणार.

बोल्ट उघडताना किती असावं? माझं उत्तर: चेंबरमध्ये ५० ते ६० अंश. ९० नको, २० पण नको.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

५०-६० का, याला आकड्यांचा आधार देतो. एका सर्वसाधारण १५डब्ल्यू-४० ऑइलची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा, आकडा मोठा तेवढं ऑइल घट्ट) ४० अंशाला ११० सेंटिस्टोकच्या आसपास असते आणि १०० अंशाला १४-१५. या दोन आकड्यांवरून मधले आकडे काढता येतात:

१० अंश: साधारण ६२०
३० अंश: १८०
६० अंश: ४८
८० अंश: २५
१०० अंश: १५

आता वाचा. १० वरून ३० वर आणलं तर ४४० चा फरक पडतो. ३० वरून ६० वर आणखी १३० चा. पण ६० वरून ८० वर नेऊन फक्त २३ मिळाले. ६० ला ऑइल आधीच धार धरून पडतं. त्यापुढे तापवून मिळतं ते एखादं मिनिट, आणि धोका मात्र वाढत जातो.

यातच धुळ्याच्या प्रश्नाचंही उत्तर आहे. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला पारा एक आकडी येतो, तेव्हा सकाळचं ऑइल ६०० च्या घरात. मे महिन्यात पहाटे सहाला शेडमधल्या ट्रॅक्टरचं ऑइल ३० च्या आसपास, म्हणजे १८०. म्हणजे उन्हाळ्यात पहाटे "थंड" म्हणून काढलेलं ऑइलसुद्धा हिवाळ्यातल्या थंड ऑइलच्या तिप्पट पातळ असतं. थंड देशातल्या व्हिडिओत "थंड ऑइल कधीच काढू नका" सांगतात ते त्यांच्या हवेपुरतं बरोबर आहे.

अनेरकाठ (चोपडा)

रात्रभर निथळू देऊन सकाळी थंड काढावं, कारण हेडमधलं आणि गॅलरीतलं (ऑइलच्या आतल्या वाटांमधलं) सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं, असं म्हणणारे बरेच आहेत. त्यावर काय म्हणाल?

चेंबरबोल्ट (जळगाव)

अनेरकाठ, बरोबर मुद्दा काढलात. त्यात तथ्य आहे. रात्रभर उभ्या इंजिनात वरचं ऑइल खाली आलेलं असतं, गरम इंजिन लगेच उघडलं तर ते वरच अडकलेलं असतं. म्हणून गरम करून लगेच उघडण्यातही अर्थ नाही, बंद करून १५-२० मिनिटं थांबायचंच.

पण काजळीचं काय? डिझेलची काजळी ऑइलमधल्या डिस्पर्संटमुळे (कण विखुरलेले ठेवणाऱ्या रसायनामुळे) तरंगत राहते, ती एका रात्रीत तळाला बसत नाही. तळाला बसतं ते धातूचं जड कण, चिकट गाळ, आणि थंडीत कधी पाण्याचे थेंब. इंजिन फिरवलं की हे ढवळलं जातं आणि ऑइलबरोबर निघतं. थंड, घट्ट ऑइल त्यांना तळाशी सोडून वरून सरकतं.

म्हणून मधला मार्ग: रात्रभर उभा असू द्या. सकाळी सुरू करून थोडं काम द्या, बंद करा, पंधरा मिनिटं थांबा, उघडा. उन्हाळ्यात "थोडं काम" म्हणजे पाच-सात मिनिटं, हिवाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं ट्रॉलीवर.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

थांबण्याच्या वेळेवरही एक हिशेब. गरम वस्तू किती वेगाने निवते हे तिच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. समजा इंजिन बंद करताना ऑइल ९५ ला आहे आणि ६० ला यायची वाट पाहायची आहे. हवा १२ अंश असेल तर जेवढा वेळ लागेल, हवा ४२ असेल तर त्याच्या साधारण दुप्पट लागतो. ५० पर्यंत थांबायचं ठरवलं तर जवळजवळ अडीच पट. वर ब्लॉक तापलेला असतो, तो खालच्या ऑइलला उष्णता देत राहतो, म्हणून प्रत्यक्षात सुरुवातीची काही मिनिटं चेंबरचं तापमान फारसं हलतच नाही.

त्यामुळे हिवाळ्यात "चहा पिऊन ये, मग उघड" हे चालतं. मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता चहा पिऊन आलात तरी ऑइल ८० च्या पुढे असू शकतं. दुपारी काम करून आलेलं वाहन असेल तर संध्याकाळपर्यंत सोडा.

केळीवाहतूक_रावेर

पिकअपवर बोला कोणीतरी. केळीच्या हंगामात गाडी थांबतच नाही, भरून गेली की रिकामी परत, मध्येच ऑइल चेंज. घाट असला तर काय फरक?

चेंबरबोल्ट (जळगाव)

घाटाचा फरक मोठा आहे आणि दिशेचाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट भरलेल्या गाडीने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढा: आरपीएम जास्त, लोड पूर्ण, गाडीचा वेग कमी म्हणून वारा कमी. ऑइल १०० च्या पुढे सहज जातं. तोच घाट उतरताना इंजिन ब्रेकिंगवर डिझेल जवळजवळ बंद असतं, सिलिंडरमध्ये जळतच नाही काही, वारा मात्र भरपूर. ऑइल खाली येतं. म्हणजे चढून आलेली गाडी आणि उतरून आलेली गाडी, दोघींचा काटा मधोमध, पण चेंबर वेगळे. हायवेवर ८० च्या स्थिर वेगाने आलेली गाडी या दोन्हींच्या मध्ये.

टर्बोच्या गाडीत आणखी तीन गोष्टी. एक, टर्बो स्वतः ऑइलला तापवतो, आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टनच्या खालून ऑइलचे फवारे मारून पिस्टन गार करतात, तीही उष्णता ऑइलमध्येच येते. बिनटर्बोच्या जुन्या इंजिनापेक्षा याचं ऑइल जास्त गरम चालतं. दोन, फिल्टरच्या बुडाशी पाण्याचा ऑइल कूलर असतो (प्लेटांचा चपटा डबा, त्याला पाण्याचे दोन होज). तो नुसतं गार करत नाही, सुरुवातीला पाण्याची गरमी ऑइलला देतो. अशा गाडीचं ऑइल थंडीत लवकर तापतं आणि गरमीत पाण्याच्या फार वर जात नाही. तीन, बीएस-६ गाडीत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, सायलेन्सरमध्ये डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असतो. त्याचं रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) चालू असताना किंवा नुकतं संपल्यावर गाडीखाली शिरू नका. आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं आणि पाईप बराच वेळ तापलेला राहतो. ऑइलचा थेंब त्यावर पडला तर नुसता धूर होऊन थांबेल याची खात्री नाही.

रिजनरेशन अर्धवट तुटत राहिलं, म्हणजे गाडी सतत गावातल्या गावात फिरली, तर न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि गेज पट्टीवर पातळी *वाढते*. पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ऑइल बदला. अशा ऑइलला ६० अंशाला धार जरा जास्तच पातळ दिसते, डिझेलचा वासही येतो.

भट्टी_भुसावळ

आमच्याकडे मिस्त्री लोक पहिलं काम करतात ते थर्मोस्टॅट काढून फेकायचं. ४५-४६ डिग्रीत तो व्हॉल हवाच कशाला?

चेंबरबोल्ट (जळगाव)

नका काढू हो. हा रोग खान्देशभर आहे.

थर्मोस्टॅट साधारण ८० च्या आसपास उघडतो. काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. हिवाळ्यात सकाळी इंजिन तापतच नाही, ऑइल ५०-६० च्या वर जात नाही. ऑइल तेवढ्यावर राहिलं की त्यातलं पाणी आणि डिझेल उडत नाही, झाकणाखाली पांढरट साय धरते, गाळ लवकर होतो, सिलिंडरचा बोअर लवकर घासतो. आणि उन्हाळ्याचा फायदा? तोही नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, म्हणजे थोडं पाणी रेडिएटर चुकवून तसंच परत इंजिनात. गाडी तापत असेल तर जाळी, बेल्ट, पंखा, रेडिएटरचं झाकण, रेडिएटर आतून चोंदला आहे का, हे पाहा. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असेल तर नवा बसवा. पातेल्यात पाणी तापवून त्यात टाकला की उघडतो की नाही ते पाच मिनिटांत कळतं.

धाग्याच्या विषयापुरतं: थर्मोस्टॅट काढलेल्या इंजिनात "काटा वर आला की ऑइल काढा" हा नियम लागूच पडत नाही, कारण काटाच वर येत नाही. तिथे लोडवर चालवणं आणि चेंबर मोजणं, एवढंच हातात.

पांझराकाठ (धुळे)

मोजायचं कसं? लेझरची बंदूक वापरली तर चेंबर ३८ दाखवते आणि हात लावला तर चटका बसतो.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

पांझराकाठ, चेंबर ॲल्युमिनियमचा चकचकीत असणार. इन्फ्रारेड बंदूक वस्तूतून निघणारी उष्णतेची किरणं मोजते. उघडं, चकचकीत ॲल्युमिनियम ती किरणं फार कमी सोडतं आणि आजूबाजूची परावर्तित करतं, म्हणून आकडा कमी येतो. उपाय: चेंबरवर रुपयाएवढी जागा चिंधीने साफ करून तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, मिनिटभर थांबा, टेपवर नेम धरा. रंग दिलेल्या पत्र्याच्या चेंबरला टेपची गरज नाही, तिथे आकडा जवळपास बरोबर येतो.

अंतराचंही भान ठेवा. साध्या बंदुकीचं प्रमाण १२ ला १ असतं, म्हणजे ६० सेंटीमीटरवरून ती ५ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी घेते. लेझरचा ठिपका बारीक दिसतो म्हणून फसू नका, शेजारचा सायलेन्सर त्यात येऊ शकतो. जवळून, चेंबरच्या तळाकडून धरा. बाहेरच्या पत्र्याचा आकडा आतल्या ऑइलपेक्षा काही अंश कमीच असतो, तो धरूनच चाला.

मल्टिमीटरबरोबर येणारी तापमान मोजायची के-टाइप वायर असेल तर ती सगळ्यात खरी. इंजिन *बंद* करून, गेज पट्टी काढून, त्या नळीतून ऑइलला लागेल एवढीच खाली सोडायची. पट्टीची लांबी मोजून वायरवर खूण करा, त्यापुढे ढकलू नका. आणि ती बाहेर काढल्याशिवाय चावीला हात नाही.

सोनगीरकर

तापमानावर एवढं बोललात, पण तापमानाने मार खाणारी गोष्ट म्हणजे ड्रेन बोल्ट आणि त्याचा वायसर. त्यावर थोडं.

गरम इंजिनावर माणूस घाई करतो. अर्धा बोल्ट हाताने फिरवतो, चटका बसतो, हात मागे घेतो, बोल्ट वाकडा लटकतो आणि शेवटचा आटा चिरडतो. परत लावताना तसाच वाकडा धरून पान्याने ओढला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले. बोल्ट लोखंडाचा, चेंबर मऊ, त्यामुळे मरतो नेहमी चेंबरच. हे ९० अंशाला होतं, ५५ ला होत नाही, कारण ५५ ला हात टिकतो.

पद्धत अशी. सहा कोनी रिंग पाना किंवा गोटी (सॉकेट), बारा कोनी नको, ओपन पाना तर नकोच. पाव फेरा पान्याने सैल, बाकी बोटांनी. बोटांनी सोडवताना बोल्ट आत दाबून धरा, आटे संपल्याचं हाताला कळतं, मग एकदम बाजूला ओढा. धार पहिल्यांदा सरळ खाली नाही, बाजूला जाते, कारण वर ऑइलचं वजन असतं. ऑइल संपत येईल तशी ती बोल्टाच्या बुडाकडे सरकते. घमेलं सुरुवातीला धारेच्या दिशेने पुढे ठेवा आणि हळूहळू मागे घ्या. तळाला चुंबक टाकून ठेवा, हातातून सुटलेला बोल्ट शोधायला गरम ऑइलात हात घालायला नको.

लावताना आटे पुसून, वायसर नवा. वायसर तांब्याचा असेल तर जुनाही चालतो, पण तो दाबून कडक झालेला असतो. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की परत मऊ होतो. ॲल्युमिनियमचा किंवा घडीचा वायसर मात्र एकदाच. बाईकच्या १२ एमएम बोल्टाला २५ न्यूटन-मीटरच्या आसपास, १४ एमएमला ३५-४०, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ऑइलने भिजलेल्या आट्यांवर तेवढ्याच जोराने बोल्ट जास्त आवळला जातो, म्हणून "अजून थोडा" नको.

अनेरकाठ (चोपडा)

+१. हातमोज्यांचं पण लिहा कोणीतरी. पातळ नायट्राइलचे मोजे घालून लोक निर्धास्त होतात.

सोनगीरकर

नायट्राइल ऑइल अडवतो, गरमी नाही. सुती मोजे त्याहून वाईट, ऑइल पितात आणि कातडीला धरून ठेवतात. ६० अंशाचं द्रव पाचेक सेकंद कातडीवर राहिलं तर चांगलं भाजतं, आणि ऑइल पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटतं. कोपरापर्यंतचे जाड रबरी मोजे किंवा नायट्राइलच्या आत सुती, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. भाजलंच तर ऑइल लागलेला कपडा काढा, वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काही नको. मोठं भाजलं तर दवाखाना.

ऑइल पेटेल का असंही विचारतात. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) २०० अंशांच्या वर असतो, चेंबरमधलं ऑइल आपोआप पेट घेत नाही. भीती आहे ती तापलेल्या सायलेन्सरवर सांडण्याची.

मेहरूण_१००सीसी

बाईकवाल्यांसाठी. हवेवर गार होणाऱ्या १०० सीसी इंजिनाला ना पाणी, ना थर्मोस्टॅट. म्हणून हवा, वेग, वजन आणि सिलिंडरच्या पंखांवरचा चिखल, एवढ्यावरच सगळं. उभ्या बाईकला ॲक्सिलेटर देऊन तापवू नका, हेड तापतं आणि खालचं ऑइल मागेच राहतं. पाच-सात मिनिटं चालवून आणा, मे महिन्यात तीन मिनिटंही पुरे. दहा मिनिटं थांबा.

मेन स्टँडवर सरळ उभी करा, साइड स्टँडवर नाही. भरायचं झाकण सैल करा म्हणजे हवा जाऊन धार सलग येते. धार थांबल्यावर बाईक दोन्ही बाजूंना हलकी कलवा, आणखी थोडं निघतं. किक मारून ऑइल काढायची सवय असते, दोन-चार किकपेक्षा जास्त नको.

मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे असतात: एक निथळल्यानंतर भरायचा, एक इंजिन पूर्ण उघडल्यावर भरायचा. दुसरा बघून भरलं की जास्त होतं. ऑइल कितीही गरम काढलं तरी क्लच कव्हरमध्ये आणि गिअरच्या खोबणीत थोडं उरतंच, तो फरक त्याचाच आहे. ऑइल १०डब्ल्यू-३०, जासो एमए (ऑइलात भिजलेल्या क्लचसाठीचा दर्जा), बाईकसाठीचंच. कारचं "फ्रिक्शन कमी करणारं" ऑइल टाकलं की क्लच घसरतो.

केळीवाहतूक_रावेर

उरलेल्या ऑइलवरून विचारतो. काही जण जुनं काढल्यावर लिटरभर डिझेल टाकून दोन मिनिटं इंजिन फिरवतात. "सगळी घाण निघते" म्हणे.

चेंबरबोल्ट (जळगाव)

निघते ती घाण, आणि राहतं ते डिझेल. कूलरमध्ये, गॅलरीत, फिल्टरच्या बुडाशी, खोलगट कोपऱ्यात जेवढं जुनं ऑइल उरायचं तेवढंच आता डिझेल उरतं. ७ लिटरमध्ये २०० मिली म्हणजे जवळजवळ ३ टक्के, नवं ऑइल पहिल्याच दिवशी पातळ. वर ती दोन मिनिटं बेअरिंग डिझेलवर फिरली. रॉकेलचंही तेच. गाळ खरंच जास्त असेल तर नेहमीचंच ऑइल टाका आणि पुढचा बदल नेहमीच्या निम्म्या तासांवर करा, म्हणजे २५० तासांचा असेल तर १२५ वर. ऑइलमधला डिटर्जंट ते काम सावकाश करतो.

आणि जास्त ऑइल काढायचं असेल तर तापमान वाढवण्यापेक्षा वाहनाचा उतार बघा. ड्रेन बोल्ट चेंबरच्या मागच्या बाजूला असेल आणि ट्रॅक्टरचं तोंड उताराकडे असेल तर पुढच्या भागात ऑइलचं डबकं राहतं. ते ९० अंशाला असलं तरी चढ चढून बोल्टाकडे येणार नाही. आधी खाली वाकून बोल्ट कुठे आहे ते बघा, मग ट्रॅक्टर असा लावा की बोल्ट सगळ्यात खाली येईल. चाकाला दगड, हँडब्रेक, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं नाही.

धार दोन-तीन मिनिटांत संपते, पण थेंब पंधरा-वीस मिनिटं चालू राहतात. त्या वेळात फिल्टर काढा. नवा फिल्टर उभा, तोंड वर असलेला असेल तर भरूनच लावा, आडवा असेल तर सांडेल तेवढं सोडून. रबराला नवं ऑइल, टेकल्यावर पाऊण फेरा हाताने. जुन्याचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना, हे *बोट फिरवून* बघा. गरम इंजिनावर ते हमखास चिकटतं, आणि दोन रबरं एकावर एक बसली की सुरू करताच ऑइलचा फवारा. टर्बोच्या गाडीत पहिल्यांदा सुरू केल्यावर ऑइलचा दिवा विझेपर्यंत आणि नंतर अर्धा मिनिट ॲक्सिलेटरला पाय नको.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

पट्टी बघतानाही तापमान घुसतं. ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. ७ लिटर ऑइल ३० अंशाला आणि ९० अंशाला यात ३०० मिलीच्या आसपास फरक पडतो. बऱ्याच पिकअप-कारमध्ये पट्टीच्या दोन खुणांमधलं अंतर एक लिटरच्या आसपास असतं, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश खूण फक्त फुगण्याने हलते. गरम इंजिन बंद करून लगेच पट्टी पाहिली तर वर अडकलेल्या ऑइलमुळे पातळी उलट कमी दिसते. त्यामुळे दरवेळी एकाच स्थितीत बघा: सपाट जागा, सकाळी, सुरू करण्याआधी. मॅन्युअलने गरम इंजिनावर बघायला सांगितलं असेल तर तसं, पण बंद करून दहा मिनिटांनी.

अनेरकाठ (चोपडा)

गेज पट्टीच्या नळीतून पंपाने ओढून काढायचं मशीन घ्यावं का? खाली शिरायची कटकट नाही.

सोनगीरकर

पिकअपला चालतं, ट्रॅक्टरला काही ठिकाणी नळी तळापर्यंत पोचत नाही, ते आधी बघा. या पद्धतीत तापमान जास्तच नेमकं लागतं. ऑइल ४० च्या खाली असेल तर बारीक नळीतून सरकत नाही, पंप हवा ओढत बसतो. ८० च्या वर असेल तर स्वस्त पंपाची प्लास्टिकची नळी मऊ पडून आत चिकटते. ५०-६०. तळाचा जड गाळ मात्र याने येत नाही, म्हणून दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोल्ट उघडाच.

पांझराकाठ (धुळे)

सगळ्यांचे आभार, बठ्ठं समजलं. शेवटचं एक: काढलेलं ऑइल. लोक कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून लावतात, बैलगाडीच्या आसाला घालतात, बाकीचं बांधावर.

चेंबरबोल्ट (जळगाव)

बांधावर आणि नाल्यात अजिबात नको, पाऊस पडला की ते विहिरीच्या वाटेला लागतं. खांबांना लावलेलंही पावसाने जमिनीतच उतरतं. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूचे कण आणि जळालेले घटक असतात, कातडीलाही ते चांगलं नाही. निवल्यावर झाकणाच्या कॅनमध्ये भरा, पाणी, कूलंट किंवा ब्रेक ऑइल त्यात मिसळू नका, मिसळलं की रिफायनिंगवाला घेत नाही. मोठी सर्व्हिस सेंटर नोंदणीकृत रिसायकलरला देतात, त्यांच्याकडे कॅन नेऊन द्या. कॅनवर मार्करने तारीख आणि ट्रॅक्टरचे तास लिहून ठेवले तर पुढच्या बदलाची नोंदही तिथेच होते. गरम ऑइल पाण्याच्या पातळ बाटलीत ओतू नका, ६० अंशाला ती आकसते आणि तळ सुटतो.